सहा जणींच्या रेघा

सफाकिस, रविवार, २१ एप्रिल १९९६

लल्ला महबूबा,

अल्लाच्या नावाने आरंभ करते. तुझ्या नावाने आरंभ करायला हात धजत नाही.

हे पत्र समेटाचं नाही, एवढं आधी वाच. सख्खी बहीण असून पाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, आजही लिहिली नसती. एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. ते मिळालं की तू तुझ्या बेटावर आणि मी माझ्या घरी.

माझी रौदा तुझ्याकडे येते का?

दर शनिवारी ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाते म्हणून सांगते. संध्याकाळी परतते तेव्हा तिच्या दप्तराला सुक्या ऑक्टोपसचा वास येतो. सफाकिसच्या कुठल्या ग्रंथालयात दोरीवर ऑक्टोपस वाळत घालतात, मला ठाऊक नाही. तुमच्या केरकेना बेटावर घालतात. मी विचारलं तर म्हणाली, "यम्मा, मासळीबाजारावरून आले ना." बाजार उलट्या बाजूला आहे. मी गप्प राहिले. गप्प राहिलं की माणूस पुढचं स्वतःहून सांगतं. तिने नाही सांगितलं. मुलगी माझीच आहे.

यंदा तिने एक नवा विषय घेतला आहे. कॉम्बिनेटरिक्स. हे काय असतं म्हणून विचारलं तर म्हणाली, "मोजायचं शास्त्र." मी म्हटलं, "तेलाच्या बुधल्यापासून रव्याच्या पोत्यापर्यंत मी रोज रात्री मोजते. मला कुणी पदवी नाही दिली." त्यावर हसून म्हणते, "तू असलेलं मोजतेस, यम्मा. आम्ही नसलेलं मोजतो. काय काय होऊ शकलं असतं, ते." आता मी मॅट्रिक झालेली बाई, अगदीच अडाणी नाही. पण नसलेलं मोजायला रोज दोन बस बदलून जायचं, हे मला पटेना. वर्गात मुलगे किती, मुली किती, हेही मी विचारलं. तिने सांगितलं, आणि लगेच म्हणाली की त्यांच्या जोड्या किती प्रकारांनी लागतील तेही सांगू का. मी तिला भांडी घासायला बसवलं.

मग परवा तिने रंगीत खडूंची पेटी आणली. मी म्हटलं, पांढऱ्याने भागत नाही का? म्हणाली, "या प्रमेयाला दोन रंग लागतात." गच्चीवर गेली. मी कपडे वाळत घालायच्या निमित्ताने मागून गेले. भिंतीवर तिने सहा ठिपके गोल मांडले होते आणि प्रत्येकाशी एक नाव. माझं. तुझं. माझ्या सासूबाई उम्मी दूजांचं. नणंद शाज़लियाचं. शेजारच्या मबरूकाचं आणि तिच्या सुनेचं, सौसनचं. ज्या दोघी एकमेकींशी बोलतात त्यांच्यामध्ये निळी रेघ, ज्या बोलत नाहीत त्यांच्यामध्ये लाल.

"बाहेरची नावं नव्हती का?" मी विचारलं.

"घरची सोपी जातात. विशेषतः लाल."

म्हणे कुठलेही सहा जण घ्या. त्यांत तिघं असे सापडतातच की तिघंही आपसांत बोलणारे, नाहीतर तिघंही आपसांत न बोलणारे. रेघा कशाही रंगवा, यातून सुटका नाही. मी म्हटलं, हे कुणी ठरवलं? म्हणाली, कुणी नाही, तसं असतंच. "बघ, तुझ्यापासून पाच रेघा निघतात. रंग दोनच. मग एका रंगाच्या निदान तीन असणारच. तुझ्या तीन निळ्या आहेत असं धर. त्या तिघींपैकी कुठल्याही दोघी आपसांत बोलल्या, की तू धरून झाल्या तीन. आणि तिघींत कुणीच कुणाशी बोलत नसेल, तर त्याच तीन झाल्या लाल."

"मला मध्ये कशाला घातलंस?"

"कुठून तरी सुरुवात करावी लागते, यम्मा."

मग तिने बोटाने लाल त्रिकोण दाखवला. मी, तू आणि शाज़लिया. माझं तुझ्याशी का बिनसलं ते तुला ठाऊक आहे. शाज़लियाने कुस्कुसचं भांडं पोचा पाडून परत केलं आणि आधीपासूनच पोचा होता म्हणाली, तेव्हापासून आमचं बंद आहे. पण तुझं आणि शाज़लियाचं बोलणं बंद आहे, हे या पोरीला कुणी सांगितलं? मी सांगितलेलं नाही. शाज़लिया तर तुझं नावही काढत नाही. म्हणजे उरलीस तू.

म्हणून विचारते. येते का ती? खरं सांग.

पत्र टपालात टाकत नाही, तिथे पाकिटं उघडतात. का, ते तुला माहीत आहे. बोटीवरचा मासळीवाला आणून देईल. त्याला काही देऊ नकोस, त्याचं मी दिलं आहे.

सलूहा


सफाकिस, रविवार, ५ मे १९९६

लल्ला महबूबा,

मी उत्तर मागितलं होतं. तू ऑक्टोपस पाठवलास. त्यातून मी काय वाचायचं? येते असं समजते. सासूबाईंना मऊ शिजवून घातला. त्यांना आवडला आणि त्यांनी तुला दुआ दिली. ती पोचवणं माझं काम, म्हणून पोचवली.

आता जे घडलं ते तुला कळलंच असेल, कारण तुमच्या घरी सगळं माझ्याआधी कळतं. तरी लिहिते.

बकरीद झाली. दुसऱ्या दिवशी सगळ्या गच्च्यांवर मांस खारवून दोऱ्यांना टांगायची घाई होती. मबरूका तिच्या गच्चीवर आली. मधला कठडा गुडघ्याएवढा. भिंत तिला समोर दिसली. रौदाने चित्र पुसलं नव्हतं, मीच राहू दे म्हटलं होतं. तीन दुपारी मी ते प्रमेय मोडायला बसले होते, आता तुझ्यापासून काय लपवू. ताटात सहा वाट्या मांडून मधे मसूर आणि चणे ठेवत होते, मसूर म्हणजे लाल. पाच वाट्यांना जमतं, त्रिकूट टाळता येतं. सहावी आली की कुठून तरी त्रिकूट उभं राहतंच. मला वाटलं, पोरगी फसवते आहे. नाही फसवत.

तर मबरूकाने स्वतःचं नाव पाहिलं, सुनेचं पाहिलं, मधे लाल रेघ. सौसनच्या लग्नाला तीन वर्षं झाली, घरात पाळणा नाही. मबरूका तिथेच खारं मांस हातात घेऊन ओरडली, "बांधून टाकलं माझ्या सुनेला. नावं लिहून बांधून टाकलं."

मी म्हटलं, "मबरूका, अल्लाला भी. हे गणित आहे."

"गणितात माझं नाव कशाला?"

 मीही हेच विचारलं होतं.

"आणि तुझ्या नमाजी घरात जादूटोणा? लोकांना कळू दे तुझी जपाची तसबीह कशाची आहे ती."

त्याच दुपारी ती मोहल्ल्याच्या मुखियाकडे गेली. तो संध्याकाळी आला, वर गेला, बराच वेळ भिंतीसमोर उभा राहिला. त्याचा जादूटोण्यावर विश्वास नाही. त्याचा ज्या गोष्टीवर विश्वास आहे ती त्याहून वाईट. खिशातून कागद काढून त्याने चित्र उतरवून घेतलं आणि रौदाला विचारलं, "या बायका कुठे जमतात?" ती म्हणाली, "जमत नाहीत. त्यांतल्या निम्म्या एकमेकींशी बोलतही नाहीत." तो म्हणाला, "असंच सांगतात."

तो जाताच माझ्या नवऱ्याने, सी मुंजींनी, बादली घेऊन भिंत धुतली. मी थांबवत होते. ते ऐकेनात. पाच वर्षांपूर्वी पहाटेच्या नमाजाला जातात एवढ्यावरून सरकारने संशय धरला आणि शाळेतली कारकुनी गेली, तो माणूस भिंत तशीच ठेवेल का? आता दिवसभर शिवणयंत्रं दुरुस्त करतात आणि दारावर थाप पडली की तेलाचा डबा सांडतात. पाच वर्षांपूर्वी चौकीत कुणी कळवलं, हे मी परत लिहीत नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे कोण मुक्कामाला होतं, कुणाला सरकारी पक्षाच्या बैठकीला जायचं होतं, ते तू जाणतेस. तुझे यजमान सी आमिर त्या पहाटे जागे होते. मी त्यांना पाणी दिलं होतं.

सलूहा


सफाकिस, रविवार, १९ मे १९९६

लल्ला महबूबा,

रौदाचं परीक्षेचं कार्ड अडवलं आहे. दहा जूनला या विषयाची परीक्षा आहे. विद्यापीठाच्या दारावर तिला सांगितलं, आधी चौकीतून चिठ्ठी आण. चौकीत सांगितलं, प्रकरण तपासात आहे. परीक्षा हुकली तर वर्ष गेलं, आणि तपासातलं नाव घेऊन कोण तिला पुढच्या वर्षी वर्गात बसवणार?  तिचा बाप सकाळपासून एकाच यंत्राची एकच सुई बसवतो आहे.

मी आणि रौदा फौजदाराकडे गेलो. माणूस वयाने माझ्याहून लहान, बोलायला नम्र. नम्र माणसाची मला जास्त भीती वाटते. त्याने मुखियाचा कागद पुढे ठेवला. मी तो उचलून पाहिला. मुखियाच्या खिशात एकच पेन होतं, निळं. सगळ्या रेघा त्याने निळ्याच काढल्या होत्या. लाल कुठली, निळी कुठली, काही कळेना. सहा बायका, आणि प्रत्येक प्रत्येकीशी जोडलेली. मी स्वतः पोलीस असते तर मलाही वाटलं असतं, ही टोळी आहे.

रौदा म्हणाली, "साहेब, यातल्या काही रेघा लाल होत्या."

"कुठल्या?"

तिने सांगितलं.

"भिंत कुठे आहे?"

"धुतली."

"कुणी?"

मी म्हटलं, "मी." माझ्या नावावर मी अजून काही येऊ दिलं नव्हतं, आता आलं.

फौजदाराने कागद परत आपल्याकडे ओढला. मग म्हणाला, बाई, रंग तर तुम्ही आता काहीही सांगाल. सहाजणींना आणा. एकेकीला आत बोलावीन आणि विचारीन, कुणाशी बोलता, कुणाशी नाही. मुलगी म्हणते तसं निघालं तर चिठ्ठी देतो.

म्हणजे तू हवीस.

शाज़लियाकडे मी गेले. दारात उभी राहून, तिच्याकडे न बघता, भिंतीला सांगितलं. तीही भिंतीलाच म्हणाली की येईन, आणि भांड्याला पोचा आधीपासूनच होता. सासूबाई येतील. मबरूकाला फौजदारानेच निरोप पाठवला आहे. ती आता घाबरली आहे, तिला फक्त सुनेवरचा टोणा सोडवून हवा होता. सौसनचं काय, सासू नेईल तिकडे जाते.

सत्तावीस तारखेचा सोमवार ठरला आहे, सकाळी दहा. सी आमिरना सांगू नकोस. किंवा सांग. सांगितलंस की नाही, ते मला कळेलच.

तुझ्याकडे मागणं मागावं लागतं आहे याचं वाईट वाटत नाही असं लिहिणार होते, पण नमाजाला बसायचं आहे.

सलूहा


सफाकिस, गुरुवार, २३ मे १९९६

मासळीवाला म्हणाला, तू पत्र वाचलंस आणि काही न बोलता आत गेलीस. येणार की नाही, ते सांगितलं नाहीस. मी तुझ्या न बोलण्याचे सगळे अर्थ लावून पाहिले. एक चांगला निघाला, बाकीचे नाहीत.

आलीस तर एवढं लक्षात ठेव. बोटीवरून उतरलीस की माझ्या घरी येऊ नकोस. चौकीबाहेर मला सलाम करू नकोस, गळ्यात पडू नकोस. माझ्यासाठी काही आणू नकोस. कुणी पाहिलं आणि आत जाऊन सांगितलं, तर आपली रेघ खोटी पडेल आणि पोरगी बुडेल. बाकावर दुसऱ्या टोकाला बस. आत विचारलं तर सांग, पाच वर्षांत बोललो नाही. तेच खरं आहे. भिंतीचं ते एक सोडलं तर मी खोटी साक्ष देणार नाही, पोटच्या पोरीसाठीही नाही, आणि सुदैवाने द्यावी लागत नाही. मीही तेच सांगणार आहे.

रौदाला मी विचारलं, तू मावशीकडे जाऊन काय करतेस? म्हणाली, "अभ्यास. तिथे कुणी माझं दप्तर उघडत नाही." मी तिला काही बोलले नाही. तुला बोलते आहे.

सलूहा


सफाकिस, सोमवार, १० जून १९९६

लल्ला महबूबा,

रौदा आत्ता परीक्षेला बसली असेल. मी दुपारची भाजी चुलीवर ठेवून हे लिहिते आहे, म्हणजे हात रिकामे राहणार नाहीत.

त्या दिवशी तू काही न बोलता बोटीकडे निघून गेलीस. मी सांगितलं होतं तसंच केलंस. सांगितलेलं इतकं पाळायची तुला कधीपासून सवय लागली? आत काय झालं ते अर्धंच तुला ठाऊक आहे, कारण तुझ्या आधी आणि नंतर इतर जणी गेल्या. रौदा सगळा वेळ आत होती. फौजदाराने तिला लाल आणि निळं पेन दिलं होतं. जी बाई जे सांगेल त्या रंगाची रेघ काढायची, मधे तोंड उघडायचं नाही.

मी पहिली गेले. सांगायचं ते सांगितलं. तुझ्या-माझ्यामधली रेघ तिने लाल काढली.

मग शाज़लिया. तिने माझी लाल सांगितली, तुझीही लाल सांगितली आणि भांड्याची सगळी हकिगत फौजदाराला ऐकवली. तो म्हणाला, पुरे. सासूबाईंनी सगळ्या निळ्या सांगितल्या. त्यांचं कुणाशीच बिनसत नाही, त्यांना ऐकू कमी येतं. मबरूका म्हणाली, "माझी सून? ती माझी मुलगीच आहे, साहेब. निळी." सौसन आत गेली, फौजदाराने विचारलं, आणि त्या मुक्या पोरीने खाली बघून म्हटलं, "रमज़ानपासून मीठसुद्धा मागितलेलं नाही." फौजदाराने पेनं हातातून काढून घेतली आणि रौदाला विचारलं, "आता हिचा रंग कुठला?" ती म्हणाली, "तुम्ही म्हणाल तो."

तू शेवटी गेलीस. मला बाकावरून दार दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. तू पटकन बाहेर येशील असं वाटलं होतं. आली नाहीस. मी पाठ असलेल्या कुराणाच्या सगळ्या आयता म्हटल्या, तरी दार बंद. तेव्हा माझ्या मनात काय काय आलं ते लिहीत नाही. रस्त्यापलीकडे झाडाखाली सी आमिर उभे होते. म्हणजे सांगितलंस त्यांना. ते जामीन राहायला आले होते की पाहायला, हे मला अजून ठरवता येत नाही. उन्हात टोपी काढून उभे होते, एवढं दिसलं.

आत काय झालं ते रौदाने रात्री सांगितलं. फौजदाराने तुला विचारलं, बहीण सलूहाशी बोलता का? तू म्हणालीस, "बोलते."

फौजदाराने कागदावरची लाल रेघ दाखवली.

"तुमची बहीण तर नाही म्हणाली."

"ती नाही बोलत. मी बोलते. सकाळी जाळ्यातून मासे काढताना बोलते. तिच्या मुलीला अभ्यासाला बसवून हिच्याशी बोलते, ते सलूहाशीच. ती ऐकत नाही, तो तिचा प्रश्न."

फौजदार रौदाकडे वळला. "म्हणजे हीही रेघ तू चुकवलीस. तुझं लाल त्रिकूट मोडलं. तू सांगत होतीस की गणित आहे."

आणि माझी पोर, जिला मी सांगून सांगून थकले की मोठ्या माणसासमोर हसू नये, ती हसली. म्हणाली, "मोडू द्या साहेब. दुसरं असणारच. निळी करा आणि तुम्हीच शोधा."

त्याने ती रेघ स्वतःच्या हाताने निळी केली. मग बोट फिरवत बसला. तुलाही त्याने विचारलं म्हणे, सलूहाच्या सासूशी बोलता का, आणि तू म्हणालीस, त्यांच्याशी कोण नाही बोलत. त्याने मी, तू आणि सासूबाई अशा तिघींवर बोट ठेवलं. तिन्ही रेघा निळ्या. मग त्याने सौसनची रेघ लाल करून पाहिली, परत निळी करून पाहिली. प्रत्येक वेळी कुठे ना कुठे त्रिकूट सापडलं. रौदा म्हणते, शेवटी त्याने स्वतःच सहा ठिपके वेगळ्या कागदावर काढले, त्याला नावं दिली नाहीत, आणि हाताने झाकून रंगवले. सुटेना. त्याच्या खात्यातली सहा माणसं असतील, मला विचारशील तर. कागद घडी करून खिशात घातला आणि चिठ्ठीवर सही केली. म्हणाला, "या वयात या बायकांना कसली टोळी जमवता येते." ही शाबासकी की अपमान, ते कळलं नाही. चिठ्ठी घेतली.

तर तू खोटं बोललीस की खरं, हे मी गेले पंधरा दिवस तपासते आहे. रौदाला विचारलं, या शास्त्रात असल्या रेघेला काय म्हणतात, जी एका बाजूने आहे आणि दुसऱ्या बाजूने नाही? म्हणाली, बाण काढतात, तो पुढचा धडा आहे, परीक्षेला नाही.

सी आमिरबद्दल माझं मन बदललेलं नाही. त्या पहाटे ते जागे होते, हे खरंच आहे. पण मबरूकाच्या तोंडून हे प्रकरण उठलं आणि मी आधी नाव घेतलं ते त्यांचं, हेही खरं. दोन्ही लिहून ठेवते. यांतलं कुठलं खोडायचं, ते मला एकटीला ठरवता येणार नाही.

आणि तुझ्याशी एक हिशोब राहिला आहे. माझ्या मागे तू माझ्याशी पाच वर्षं बोलते आहेस, असं तू सरकारी चौकीत सांगितलंस. काय बोलतेस? मला संशय आहे की त्यातलं निम्मं माझ्या तोंडावर म्हणण्यासारखं नाही. तरी ते मला ऐकायचं आहे. गुरुवारची बोट नऊला लागते. धक्क्यावर मी उभी असेन. ह्या वेळी सलाम करायला हरकत नाही. सी आमिरना आणायचं की नाही ते तू ठरव. आणलंस तर त्यांच्या वाट्याचं जेवण मी करून ठेवीन, आणि मुंजींसमोर त्यांना एकच प्रश्न विचारीन.

भाजी लागली वाटतं. उठते.

तुझी
सलूहा